नदीपलीकडचा सामना

पोस्ट लांब आहे. दिवाळी बोनसची नाही, खड्ड्यांची नाही, चाकणच्या तळेगाव चौकातल्या ट्रॅफिकचीही नाही. टेनिस टीव्हीवर कसं दाखवतात, याची आहे. हसू नका. यात तुमचा-माझा पैसा गेलाय म्हणून लिहितोय.

परवा रविवारी, 12 ऑक्टोबरला, शांघाय मास्टर्सची फायनल झाली. जिंकला व्हॅलेंटिन व्हाशेरो. मोनॅकोचा. जागतिक क्रमवारीत 204 वा. पात्रता फेरीतून आत आला, सेमीफायनलला जोकोविचला सरळ सेटमध्ये घरी पाठवलं आणि फायनलला स्वतःच्याच कझिनला, आर्थर रिंडरक्नेशला, पहिला सेट गमावून हरवलं. मास्टर्स दर्जाची स्पर्धा इतक्या खालच्या क्रमांकाच्या खेळाडूनं याआधी कधी जिंकली नव्हती. दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर पोरं मोबाईलवर क्लिप बघत होती, "काय माणूस आहे राव" वगैरे चाललेलं.

मी म्हटलं, "हा माणूस फेब्रुवारी 2024 मध्ये पुण्यात चॅलेंजर स्पर्धा जिंकून गेलाय."

कोणाचा विश्वास बसेना. एकानं तर गूगल करून खात्री केली आणि मग माझ्याकडं असं बघितलं, की जणू मीच ते लपवून ठेवलं होतं.

एका अर्थी खरंय ते. लपवलं नाही, पण सांगितलंही नाही. मी पत्रकार आहे, वीस वर्षं याच पट्ट्यात बातम्या करतोय. त्या फेब्रुवारीत मी काय करत होतो? महापालिकेच्या बजेटची बातमी. असो. स्वतःवर येईनच मी पुढं.

आधी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं मागचं. भारतात बहुतेक वर्षं पुरुषांची एटीपी दर्जाची एकच स्पर्धा असायची, चेन्नई ओपन. 1996 ला दिल्लीत सुरू झाली, पुढच्या वर्षीपासून चेन्नईत. वीस-एकवीस वर्षं तिथं चालली आणि 2018 ला आपल्याकडं आली. नाव महाराष्ट्र ओपन. पुढं टाटा लागलं. जागा, म्हाळुंगे-बालेवाडीचं श्री शिवछत्रपती क्रीडा संकुल. (म्हाळुंगे म्हटलं की चाकणवाल्याला एमआयडीसीतलंच म्हाळुंगे आठवतं. 2018 ला मला एकानं खरंच विचारलं होतं, "म्हाळुंग्यात टेनिस? कुठल्या कंपनीत?") वाकडहून मुळा नदी ओलांडली की स्टेडियम. आपल्या शहराच्या हद्दीला जवळजवळ चिकटूनच.

पाच वेळा झाली. 2018 ला जील सिमाँ जिंकला, 2019 ला केव्हिन अँडरसन, 2020 ला यिरी वेसेली. 2021 कोविडमध्ये गेलं. 2022 ला जोआओ सूझा, 2023 च्या जानेवारीत टॅलन ग्रिक्सपूर. आणि मग संपली. 2024 च्या जानेवारीत, त्याच पहिल्या आठवड्यात, एटीपीच्या कॅलेंडरवर हाँगकाँग होतं. पुणे नव्हतं.

आता मला सांगा, ती गेली तेव्हा तुमच्या ओळखीतलं कोणी हळहळलं? एखादं निवेदन, एखादी घोषणा, एखादा फ्लेक्स? आपल्याकडं तर वाढदिवसाचेही फ्लेक्स लागतात. भारतातली एकमेव एटीपी स्पर्धा आपल्या उंबऱ्यातून उठून गेली आणि पिंपरी-चिंचवडमध्ये कुत्रंही भुंकलं नाही.

लोक म्हणतात, टेनिस श्रीमंतांचा खेळ, आपल्या कामगार पट्ट्याला त्याचं काय! मला हे पटत नाही. याच पट्ट्यात जुलै महिन्यात विम्बल्डनची फायनल लोक बघतात. अल्काराझ कोण, सिनर कोण, हे शिफ्ट सुटल्यावर बसची वाट बघणारी आयटीआयची पोरं सांगतात. खेळाचं वावडं नाही कोणाला. ही स्पर्धा त्यांच्या घरातल्या टीव्हीवर कधी पोचलीच नाही, दुखणं इथं आहे.

2019 च्या फायनलला मी स्टेडियममध्ये होतो. 5 जानेवारी, शनिवार. केव्हिन अँडरसन विरुद्ध इव्हो कार्लोविच. एक 203 सेंटीमीटर, दुसरा 211. कार्लोविच तेव्हा 39 वर्षांचा होता. 1977 साली केन रोझवॉल हाँगकाँगला फायनल खेळला, त्यानंतर इतक्या वयाचा माणूस एटीपीच्या फायनलला पोचला नव्हता. तिन्ही सेट टायब्रेकला गेले, 7-6, 6-7, 7-6. मी बाजूच्या स्टँडात बसलो होतो. कार्लोविचची सर्व्हिस जिन्यावरून नारळ खाली आपटावा तशी यायची. चेंडू टप्पा घेऊन परतीला उभ्या असलेल्याच्या खांद्याच्या वर उडायचा. आवाज वेगळा, स्टेडियमचा श्वास वेगळा. बॉल उचलणाऱ्या पोरांपैकी दोघं मधल्या वेळेत आपसात मराठीत कुजबुजत होती. एवढ्या मोठ्या माणसांच्या पायाशी आपली भाषा ऐकून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

घरी येऊन रात्री त्याच सामन्याचं रेकॉर्डिंग बघितलं. स्टार स्पोर्ट्सवर होता. आणि मला तो सामना ओळखूच येईना! बेसलाइनच्या मागं उंचावर लावलेला एकच मुख्य कॅमेरा, सगळं सपाट करून टाकणारा. 211 सेंटीमीटरचा माणूस बुटका दिसतो, चेंडूची उसळी नाहीशी होते, मधे रिप्ले, मग खेळाडूचा घाम पुसतानाचा चेहरा, परत तोच कॅमेरा. कॉमेंट्री इंग्रजी, आणि इंग्रजीही अशी की सामना दोहा, ब्रिस्बेन किंवा पुणे, कुठंही चालू असता तरी एक वाक्य बदलावं लागलं नसतं.

यात वाहिनीनं काही पाप केलं असं मी म्हणत नाही. पद्धतच तशी आहे. एटीपीच्या स्पर्धांचं चित्रण एका ठरावीक साच्यात होतं, त्याला वर्ल्ड फीड म्हणतात. तेच जगभर जातं. ज्या देशातली वाहिनी हक्क विकत घेते, ती ते उचलते आणि आपल्या जाहिराती लावून दाखवते. ठाण्याच्या प्रेक्षकासाठी वेगळं आणि थायलंडच्या प्रेक्षकासाठी वेगळं, असं काही नसतं. वाहिनीला परवडतं, स्पर्धेला परवडतं, प्रायोजकाला कोर्टाच्या कडेचा बोर्ड जगभर दिसतो. फक्त ज्या गावात सामना चालू आहे, ते गाव त्यात कुठंच नसतं.

तरीही टीव्हीला मनात आणलं तर काय करता येतं, हे त्याच संकुलानं बघितलंय. प्रो कबड्डी. 2014 ला सुरू झाली, त्याच स्टार स्पोर्ट्सवर. पुणेरी पलटणचे सामने त्याच बालेवाडीच्या इनडोअर हॉलमध्ये झालेत. कबड्डी आपण लहानपणापासून मातीत बघितली, गुडघे फोडून खेळली. भोसरीत तर गल्लीगल्लीत संघ. पण टीव्हीनं तिला मॅटवर आणलं, दिवे लावले, 30 सेकंदांची चढाई घड्याळावर दाखवली, तिसऱ्या चढाईला 'डू ऑर डाय' नाव दिलं, कॅमेरा खाली चढाई करणाऱ्याच्या पायाच्या बोटांपर्यंत नेला. माझ्या आईला बोनस लाइन कळायला लागली, आणि ती बाई क्रिकेटमधला एलबीडब्ल्यू अजून मान्य करत नाही. म्हणजे दाखवायचं ठरवलं की दाखवता येतं. तेच आवार, तीच वाहिनी. एका हॉलमधला खेळ घराघरात गेला आणि पलीकडच्या कोर्टवरचा खेळ कुंपणाच्या आत राहिला.

भाषेचं तर विचारूच नका. मराठीत टेनिसची कॉमेंट्री होऊच शकत नाही, असं मला एका माध्यमवाल्यानं तोंडावर सांगितलं होतं. शब्दच नाहीत म्हणे! अरे, आमच्या क्रीडा पानांवर चाळीस-पन्नास वर्षं काय छापून येतंय मग? बिनतोड सर्व्हिस, मानांकित, बिगरमानांकित, एकेरी, दुहेरी, मिश्र दुहेरी, सर्व्हिस भेदली, सरळ सेटमध्ये धुव्वा, झुंजार लढत. वि. वि. करमरकरांनी मराठी वर्तमानपत्रात खेळाला स्वतंत्र पान मिळवून दिलं ते काय शब्दांवाचून? बाळ ज. पंडित आकाशवाणीवर क्रिकेटचं धावतं वर्णन मराठीत करायचे तेव्हाही लोक म्हणतच असतील की क्रिकेट मराठीत कसं होणार. 2023 ला जिओ सिनेमानं आयपीएल मराठीत दिलं, लोकांनी ऐकलं. शब्द आहेत, बोलणारी माणसं आहेत, पुण्यात टेनिसमध्ये आयुष्य घालवलेले खेळाडू आणि कोच आहेत. माइक द्यायला कोणी तयार नव्हतं, एवढंच.

माझा एक शाळेतला मित्र आहे. चाकणला व्हीएमसी ऑपरेटर, राहतो मोशीला. त्याच्या पोरीला टेनिसचं वेड. कुठून लागलं माहीत नाही, पण लागलं. एका खाजगी कोर्टवर आठवड्यातून तीन दिवस जाते. बाप ओव्हरटाइम करून फी भरतो, रॅकेटचं गटिंग तुटलं की महिनाअखेरीपर्यंत थांबायला सांगतो. 2023 च्या जानेवारीत स्पर्धा सुरू झाली तेव्हा ती दहा-अकरा वर्षांची होती. पुण्याचा मानस धामणे, नुकती पंधरा वर्षं पूर्ण झालेला पोरगा, वाइल्ड कार्डवर मुख्य फेरीत खेळणार होता. समोर अमेरिकेचा मायकेल मो. विचार करा, पंधरा वर्षांचा पुण्याचा पोरगा पुण्यातल्याच सेंटर कोर्टवर एटीपीची मॅच खेळतोय! मित्राचा फोन आला, "तू पत्रकार ना रे, हे कुठल्या चॅनेलला लागतंय सांग. पोरगी जीव खातीये."

मी चॅनेल सांगितलं. अर्ध्या तासानं परत फोन. केबलवाला म्हणतोय ते आपल्या पॅकमध्ये नाही, वरचे पैसे पडतील, चालू व्हायला उद्या उजाडेल. 2019 च्या फेब्रुवारीत ट्रायची नवी पद्धत आली, तेव्हापासून हे असंच आहे. आधी नुसतं कनेक्शनचं भाडं, तेव्हा ते 130 रुपये अधिक कर होतं, त्यावर जी वाहिनी हवी ती विकत घ्या. खेळाच्या वाहिन्या त्यातल्या महागातल्या. आणि खेळ आज या कंपनीकडं, उद्या त्या कंपनीकडं. विम्बल्डनला एक रिचार्ज, फ्रेंच ओपनला दुसरा. मित्र म्हणाला, "जाऊ दे, नंतर मोबाईलवर बघू." मानस 2-6, 4-6 असा हरला. पोरीनं दुसऱ्या दिवशी काही सेकंदांची क्लिप बघितली. नदीपलीकडं चाललेला सामना, आणि तिला तो जगातल्या कुठल्याही पोरीइतकाच लांब.

"मग स्टेडियमला न्यायचं होतंस," असं मी त्याला म्हणालो आणि म्हटल्यावर लाज वाटली. आपल्या एमआयडीसीची सुट्टी गुरुवारी. फायनल शनिवार-रविवारी. मोशीहून बालेवाडीला संध्याकाळी जाऊन यायचं म्हणजे भोसरी, नाशिक फाटा, वाकडचा पूल. ज्यानं केलंय त्याला विचारा.

दुहेरीचा मुद्दा वेगळाच आहे. आपल्याकडचं टेनिस गेली पंचवीस-तीस वर्षं दुहेरीवर जगलंय. लिअँडर-भूपती, सानिया, बोपण्णा. बालेवाडीत 2019 ला बोपण्णा आणि दिविज शरण जिंकले, 2022 ला बोपण्णा आणि रामकुमार. दोन वेळा भारतीय जोडीनं ही स्पर्धा जिंकली. पण टीव्हीच्या हिशेबात एकेरी म्हणजे जेवण आणि दुहेरी म्हणजे बडीशेप. वेळ उरला तर. पुढं त्याच बोपण्णानं 2024 च्या जानेवारीत, 43 व्या वर्षी, ऑस्ट्रेलियन ओपन दुहेरी जिंकली आणि क्रमवारीत पहिला आला. तेव्हा सगळ्यांनी हेडलाइन केल्या. मीही केली.

आता पैशाचं. संकुल राज्य सरकारचं आहे. 1994 च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभं राहिलेलं. स्पर्धेला महाराष्ट्र सरकारचं पाठबळ होतं, हे तर नावातच होतं. उद्घाटनं, सत्कार, मंत्र्यांसोबतचे फोटो आपण सगळ्यांनी छापले. सरकार एखाद्या स्पर्धेला हात देतं तेव्हा करारात अटी असतात. बोर्ड कुठं लागणार, पास किती मिळणार, व्यासपीठावर कोण बसणार, हे सगळं बारकाईनं ठरतं. मग एक ओळ का नसावी, की रोज निदान एक सामना सह्याद्रीवर, मराठी कॉमेंट्रीसह, फुकट दिसेल?

कायद्यात यासारखी कल्पना आहेच. 2007 चा कायदा आहे, खेळांचं प्रक्षेपण प्रसार भारतीला देणं बंधनकारक करणारा. राष्ट्रीय महत्त्वाच्या म्हणून जाहीर झालेल्या स्पर्धांचं फीड खाजगी वाहिनीनं दूरदर्शनला द्यायचं. जाहिरातीच्या उत्पन्नात 75 टक्के हक्कधारकाचे, 25 टक्के प्रसार भारतीचे. टेनिसमधले डेव्हिस चषकातले भारताचे सामने त्या यादीत आहेत. महाराष्ट्र ओपन त्यात बसत नव्हती, मान्य. पण केंद्राच्या कायद्याची वाट कशाला बघायची? ज्याच्या मैदानावर खेळ आहे आणि ज्याच्या तिजोरीचा टेकू आहे, त्यानं मागितलं असतं तर आयोजक उठून गेले असते का? मला तसं वाटत नाही. मागितलंच नाही. कारण मागण्यासाठी कोणाच्या तरी मनात हा प्रश्न यावा लागतो, की आपल्या लोकांना हे दिसतंय का.

आणि हा प्रश्न आमच्याही मनात आला नाही. आम्हाला पास होते. दुपारचं जेवण चांगलं असायचं. प्रेस नोट इंग्रजीत यायची, आम्ही ती मराठीत करून पाठवायचो. 2019 ला मी फायनलचं सातशे शब्दांचं लिहिलं होतं, तेव्हा जिथं होतो तिथं ते चार ओळींचं झालं आणि बाजूला एका नेत्याच्या वाढदिवसाची अर्धं पान जाहिरात लागली. मी भांडलो नाही. पगार त्याच जाहिरातीतून होत होता.

गंमत बघा आता. मोठी स्पर्धा गेल्यावर जे उरलं ते चॅलेंजर, म्हणजे एक पायरी खालचं. 2024 ला व्हाशेरो जिंकला ती तीच. आणि चॅलेंजरचे सामने एटीपीच्या वेबसाइटवर फुकट दिसतात! रिचार्ज नाही, पॅक नाही. कॅमेरे थोडके, झगमगाट नाही, पण सामना पूर्ण दिसतो. म्हणजे जी स्पर्धा आपल्या गाजावाजानं आणली ती आपल्या पोरांना दिसली नाही, आणि जी फुकट दिसत होती ती दिसते हे कोणी सांगितलं नाही. पुढं शांघाय जिंकणारा माणूस आपल्या शेजारी आठवडाभर घाम गाळत होता, मोशीतली एक पोरगी तो प्रत्येक पॉइंट बापाच्या मोबाईलवर बघू शकली असती. फक्त एका पत्रकारानं दोन ओळी लिहायला हव्या होत्या.

या एप्रिलमध्ये बालेवाडीलाच महिलांची बिली जीन किंग कप स्पर्धा झाली, आशिया-ओशनिया गट. भारताच्या मुली पुढच्या फेरीला पात्र ठरल्या. श्रीवल्ली भामिदिपाती एकेरीचे पाचही सामने जिंकली. हात वर करा, किती जणांना माहीत होतं?

काही जण कमेंटमध्ये लिहितील, पाण्याचा प्रश्न सोडून हे काय काढलंस. लिहा. पाण्यावर मी दर आठवड्याला लिहितो, ते शेअर करत नाही तुम्ही.

मी माहिती अधिकाराचा अर्ज तयार केलाय. क्रीडा विभागाला तीन गोष्टी विचारल्यात. 2018 ते 2023 या काळात महाराष्ट्र ओपनला राज्य सरकारनं दरवर्षी किती रक्कम दिली? त्या करारात प्रक्षेपणाबद्दल काही अट होती का, असल्यास कोणती? आणि सह्याद्री वाहिनीवर सामने दाखवण्यासाठी कधी पत्रव्यवहार झाला का, झाला असल्यास त्याच्या प्रती द्याव्यात. उद्या टपालानं जाईल, दिवाळीच्या सुट्ट्या मधे आहेत म्हणून घाई. उत्तर आलं की इथंच टाकतो. आणि पुण्यात पुढची चॅलेंजर लागली की सामन्यांच्या वेळा आणि लिंक रोज सकाळी माझ्या वॉलवर असतील. मित्राच्या पोरीला तसं सांगून ठेवलंय. ती म्हणाली, "काका, नक्की ना? मागच्या वेळी पण तुम्ही असंच म्हणाला होतात."